साडूचं एलडीएल

३ जून, सकाळी साडेसात
रिपोर्ट आले. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७४. साडूचं ६६. लॅबची चूक, दुसरं काय! मी एकसष्ट किलोचा, काडी. तो एवढा जाडा की आमचा सोफा त्याला पाहून कुरकुरतो. वर चार वर्षांपूर्वी हृदयात दोन स्टेंट बसवलेले. तरी ६६! बहिणी-बहिणींनी हौसेने चौघांची तपासणी एकत्र करवली, हीच मूळ चूक. बायकोने साडूचा रिपोर्ट दोनदा वाचला. माझा एकदाच.

४ जून
लॅबमध्ये गेलो. मी वजनमापे निरीक्षक, दुकानदारांचे काटे तपासण्यात हयात गेली. मशीनचं प्रमाणपत्र मागितलं. तिथल्या मुलीने मुकाट्याने दाखवलं. शिक्का जरा फिकट होता, पण मोठ्या मनाने सोडून दिलं. पुन्हा रक्त दिलं.

५ जून
१७८.

६ जून
डॉक्टर म्हणाले, एलडीएल जास्त असलं की कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांच्या आत साचत जातं, वर्षानुवर्षं, काही कळू न देता. बारीक माणसालाही होतं, घराण्यातूनही येतं. वडील कसे गेले, विचारलं. एकावन्नाव्या वर्षी, हार्ट अटॅकने. पण त्यांना ऑफिसचा फार ताप होता, हेही मी सांगितलं. मला पन्नासावं चालू आहे.
रोज एक गोळी लिहून दिली. घेणार नाही. गोळी घेऊन साडूला हरवायचं म्हणजे काट्याला बोट लावून माल विकणं. गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. बायकोला सांगितलं, दुपारी तिथेच घेतो. तीन महिन्यांत ६५ करून दाखवतो, स्वतःच्या हिमतीवर.

७ जून
पाच किलोमीटर चाललो. फार हलकं वाटतंय.

८ जून
बूट चावला. विश्रांती.

११ जुलै
साडूकडे जेवण. त्याने आइस्क्रीम दोनदा घेतलं. मी काकडी. बायको म्हणाली, भाऊजींची तब्येत बघा कशी आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन रागाच्या भरात चीज खाल्लं. रागातलं अंगी लागत नाही.

६ सप्टेंबर
१९१. डॉक्टरांनी विचारलं, गोळी नियमित घेता ना? म्हटलं, न चुकता. त्यांनी डोस वाढवला.

७ सप्टेंबर
साडूचं गुपित काढायला सरळ त्याच्या घरी गेलो. बायको मागे लागून आलीच. जेवण झालं आणि पठ्ठ्याने खिशातून गोळी काढली. तीच! माझ्या ड्रॉवरमधलीच! चार वर्षं रोज घेतोय, स्टेंट बसले तेव्हापासून. मी म्हणालो, म्हणजे ६६ गोळीचे? तो म्हणाला, मग काय माझे? आणि तुम्ही नाही का घेत? मी तोंड उघडण्याआधीच बायकोला सगळं कळलं. परतताना ती चार पावलं पुढे चालत होती. दार लावल्यावर म्हणाली,
"मला ताईचा हेवा वाटतो. तिच्या नवऱ्याला जगायचंय."
पहिल्यांदाच छातीत धस्स झालं. तपासून घ्यावं का?

८ सप्टेंबर, जेवणानंतर
गोळी घेतली. गिळेपर्यंत बायको समोर उभी होती. डोळे सुजलेले.
साडूची गोळी वीस मिलिग्रॅमची आहे. माझी चाळीसची. हे तिला सांगितलं नाही.