मलिद्याला रूबेन बसेल

अहो,

पत्राची सुरुवात नावानं करायची, हे मी जन्मभर शाळेत पोरांना शिकवलं. पण तुमचं नाव तुमच्या हयातीत घेतलं नाही, आता काय घेऊ?

तुमची कबर ठाण्याला आणि मी इथे हिंगोलीत. जवळ असती तर तिथे येऊन बोलले असते. आज तुमच्या भावाचा फोन आला. फोन ठेवल्यावर बोलायला घरात कुणी नव्हतं. एकच माणूस होतं, आणि त्याच्याविषयीच बोलायचं होतं! म्हणून लिहिते.

आपली नात रिव्का अकरावीला इथे माझ्याकडे आली, हे तुम्हाला माहीत नाही. ठाण्यात रोज रडारड, रोज आईशी भांडण. लेक म्हणाला, "आई, थोडे दिवस तुझ्याकडे ठेव." मला वाटलं, अभ्यासाचं काहीतरी असेल.

पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी मी तेल घातलं, वात सरळ केली आणि काडेपेटी तिच्या हातात दिली. शब्बाथचा दिवा घरातल्या बाईनं लावायचा. ती तशीच उभी.

"आजी, मी दिवा नाही लावणार. मला आजोबांसारखं पेला हातात धरून किद्दुश म्हणायचंय. मी मुलगी नाहीये."

काडेपेटी परत माझ्या हातात ठेवली तिनं. नाही, त्यानं. लिहितानाही अजून चुकतं.

दिवा मीच लावला. मनुकांचं सरबत पेल्यात ओतलं. तुम्ही गेल्यापासून तो पेला कपाटातच होता. मी एकटीच दिवा लावायची आणि जेवायची. मग म्हटलं, "बरं. आधी डोक्यावर टोपी घाल. उघड्या डोक्यानं कुणी किद्दुश म्हणतं का?"

तुमची टोपी त्याच्या कानांवर येते. पण म्हटलं मात्र स्वच्छ! सुट्टीत तुमच्या मांडीवर बसून पाठ केलेलं, एक शब्द सुटला नाही. मी पुष्कळ दिवसांनी मोठ्यानं आमेन म्हटलं.

आता तो रूबेन आहे. नाव त्यानंच निवडलं. बरं आहे, लिहायला सोपं.

समोरच्या शकीलाभाभी आठवतात ना? त्यांना इतक्या वर्षांत आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, ज्यू म्हणजे नक्की कोण, हे कळलेलं नाही. परवा मला म्हणाल्या, "बाई, ही तुमची नात ना?"

"नातू."

"आँ? उन्हाळ्यात तर नात होती!"

"होती. आता नातू आहे."

जरा विचार केला त्यांनी. "मग आमच्याकडं आल्यावर आत बायांत काहून बसवता त्याला? बैठकीत बसू द्या. आन् लेकरू लई वाळून राहिलं, खाऊ घाला काहीतरी."

संपलं! आणि आपली माणसं?

येत्या रविवारी तुमचं वर्ष. तुमच्यासाठीची कद्दिशची प्रार्थना ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये लेक म्हणेल, तिला लागणारे दहा पुरुष तिथे मिळतात. पण पोहे भिजवून, गूळ-खोबरं घालून, फळं मांडून एलियाहू हन्नाबी पैगंबराच्या नावाचा मलिदा इथे तुमच्या घरात करायचा, असं मी ठरवलं. प्रार्थना रूबेन म्हणणार. हे कळताच भाऊजींचा फोन.

"वहिनी, पोरीच्या जातीनं मलिद्याला पुढं बसायचं? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, भाऊजी? हिंगोलीत आपले लोक म्हणजे मी आणि हा."

"चेष्टा नको. ती बसणार असेल तर आम्ही कुणी येणार नाही."

"नका येऊ. पोहे कमी भिजवीन."

बोलून गेले तडकाफडकी, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. पण फोन ठेवल्यावर घर एवढं मोठं वाटलं! मी कुणाकुणाशी मोडून बसणार आहे? उद्या मी नसेन तेव्हा या पोराला कोण विचारणार?

वळून बघते तर दारात रूबेन. सगळं ऐकलेलं. टोपीची घडी करून त्यानं टेबलावर ठेवली.

"आजी, माझ्यामुळे आजोबांचा मलिदा अडायला नको. त्यांना येऊ दे. मी आतल्या खोलीत बसतो."

सोळा वर्षांचं लेकरू स्वतःहून आत जाऊन बसायला तयार होतं! त्याच्या रडण्यापेक्षा त्या शांत आवाजाची मला भीती वाटली. आज आतल्या खोलीत बसेल, उद्या आपल्यातूनच उठून जाईल. आणि मग कुठे जाईल?

"आतल्या खोलीत गहू ठेवलाय," मी म्हटलं. "माणसं बाहेर बसतात."

तो हसला नाही. टोपी अजून टेबलावरच आहे.

तुम्ही काय म्हणाला असतात? इतका संसार करून मला हे सांगता येत नाही, याचं वाईट वाटतं. कदाचित भावाची बाजू घेतली असती. "कशाला वाढवतेस?" म्हणून वर्तमानपत्र उघडलं असतं. या संशयानं मला तुमचा रागही येतो. मेलेल्या माणसाचा राग येणं बरं नव्हे. पण तुम्ही उत्तर न देताच गेलात, मग मी काय करू?

तेव्हा माझं ऐका. रविवारी मलिदा होईल. तबक रूबेनच्या पुढ्यात असेल. अडखळला तर मी सांगेन, तुम्हालाही सांगायचेच. भाऊजी आलेच तर त्यांना बसायला देईन, पानात वाढीन, मान राखीन. पण त्यांना जागा करायला पोराला उठवणार नाही. आणि कुणीच आलं नाही, तर दोघांच्या मलिद्यालाही आमेन म्हणायला एक माणूस पुरतं. ते मी म्हणेन, गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं.

तुमची,
एस्तेर