आभारातून गाळलेलं नाव

अंथुर्णे,
९ फेब्रुवारी १९५६

प्रिय अक्का,

तुला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढतोय. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागला तरी चालेल, तूच वाच.

सव्वीस जानेवारीला आमच्या वाडीच्या शाळेत विहिरीचं पूजन झालं, तेव्हा तू दोन्ही पोरींना घेऊन कळंबहून आलीस आणि बायकांत अगदी पुढं बसलीस. आभाराचं भाषण माझ्याकडं होतं. तू कशासाठी आलीस ते मला कळत होतं. मी बारामतीच्या पाहुण्यांचे आभार मानले, आबासाहेबांचे मानले, ज्यांनी बैल दिले त्यांचे, मांडववाल्याचे, कर्णा आणणाऱ्याचेसुद्धा मानले. शेवटी ‘अनवधानानं ज्यांची नावं राहिली असतील त्यांचेही’ असं म्हणून हात जोडले. तू धाकटीला काखोटीला मारलंस आणि प्रसाद न घेताच निघालीस. मी तुझ्या मागं आलो नाही.

अक्का, नाव अनवधानानं राहिलं नव्हतं. माझ्या कागदावर दाजींचं नाव सगळ्यांच्या आधी होतं. त्या सकाळी आबासाहेबांनी कागद मागून घेतला. ते शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांना न दाखवता इथं काही होत नाही. त्यांनी माझ्याच टाकानं त्या नावावर रेघ ओढली. म्हणाले, “सोनबा तुमचा दाजी. घरच्या माणसाचं कुठं आभार मानत्यात व्हय मास्तर? आन् चांगल्या कामात मयताचं नाव कशाला?” मी बरं म्हणालो. कागद परत घेताना ‘आभारी आहे’ असंही म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं.

ही सवय मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात लागली. पहिल्या सुट्टीत तू भाकरी वाढलीस, मी आभारी आहे म्हणालो, आणि तुझा हात तसाच राहिला. “मी काय परकी हाय का रं?” एवढंच बोललीस आणि चुलीकडं वळलीस. दाजींना मात्र माझं ते बोलणं आवडायचं. जन्मभर लोकांच्या विहिरी खोदल्या, सुरुंग लावले, पण लोकांनी त्यांना ‘ए सोन्या’ म्हणूनच हाक मारली. मास्तर झालेला मेव्हणा चारचौघांत आपल्याला ‘कृपा करून’ म्हणतो, हे ते कळंबात कौतुकानं सांगत फिरायचे. शाळेच्या विहिरीचं काम मी त्यांना सांगितलं तेही असंच, हात जोडून.

दाजी गेले त्या दिवशी काय झालं ते तुला जसं सांगितलं गेलं तसं झालं नाही. दुपारी तीन सुरुंग पेटवले होते. दोन उडाले, तिसरा उडाला नाही. दाजींनी सगळ्यांना लांब बसवलं. “आता उद्या सकाळपतूर कुणी खाली उतरायचं न्हाय,” असं त्यांनी बजावलं. तेवढ्यात आबासाहेब पाहुण्यांना विहीर दाखवायला घेऊन आले. सुरुंगाची खात्री झाल्याशिवाय पाहुण्यांना काठाशी जाता येत नव्हतं, आणि त्यांना लगेच परतायचं होतं. आबासाहेबांनी स्वतः दाजींना उतरायला सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दाजींजवळ गेलो आणि म्हणालो, “दाजी, कृपा करून एकदा बघून येता का? पाहुणे खोळंबलेत. फार आभारी होईन.”

दाजींनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं. म्हणाले, “आभार कशाला मास्तर? तुमी म्हणला म्हंजी झालं.” डोक्याचा पटका सोडून त्यांनी माझ्या हातात दिला आणि दोर धरून खाली उतरले. पटका माझ्या हातात असतानाच आवाज झाला.

पंचनाम्यात लिहिलं आहे की सगळे नको म्हणत असताना सोनबा घाईनं, आपल्याच मनानं उतरला. त्याखाली माझी सही आहे. तुझ्या सासूबाई तानूबाई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की पोरगा स्वतःच्या वेडेपणानं गेला, आणि सुनेनंच त्याला भावाच्या कामावर धाडलं. तू ते ऐकून घेतेस. मला हे माहीत होतं आणि मी दोन महिने गप्प बसलो. मी हुकूम केला नव्हता, विनंती केली होती, असं स्वतःला सांगत राहिलो. पण अक्का, आबासाहेबांनी हुकूम केला असता तर दाजींनी त्यांना तोंडावर नाही म्हटलं असतं. तसं त्यांनी पूर्वी म्हटलेलं मी ऐकलं आहे. माझ्या गोड बोलण्यापुढं त्यांना नाही म्हणता आलं नाही.

उद्या सकाळच्या एस.टी.नं मी इंदापूरला मामलेदार कचेरीत जातोय. सही खोटी होती आणि दाजींना मीच उतरवलं, असा जबाब लिहून देणार आहे. त्यानंतर नोकरी राहील असं वाटत नाही. आणखी काय होईल ते ठाऊक नाही. ही गोष्ट बाजारातून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून कळावी, म्हणून हे पत्र. ते तानूबाईंना वाचून दाखवायचं की चुलीत घालायचं, तुझं तू ठरव. मी तुझ्याकडं माफी मागत नाही. मी मागितली तर तुला नाही म्हणता येणार नाही, आणि या वेळी तुला नाही म्हणता यायला हवं.

तुझाच, तू शिकवून मोठा केलेला,
रामहरी