तळव्यांची नोंद

मंगळ. ८ फेब्रु. ९४
अक्काचं मंगळसूत्र सापडलं. बसवनगुडीत देवळाबाहेर ओढलं होतं ते. स्टेशनात जाऊन ओळखून आली. कोर्टाने सोडलं की हातात, तोवर गळ्यात हळकुंडाचा दोराच. भावोजी खुशीत. चोराला दोन ठेवून दिल्या की भडाभडा ओकतो म्हणाले. पेढे आणले. मी दोन खाल्ले.

बुध. ९
इस्पितळात ड्युटी सकाळची. कोर्टात नेण्याआधी तपासायला पोलिसांनी एकाला आणलं. पाय टेकवत नव्हता. कॉन्स्टेबल कानडीत म्हणाला, "जारि बिद्द, मॅडम." घसरून पडला म्हणे. डॉ. शारदम्मांनी पाय वर घ्यायला लावले. दोन्ही तळवे काळेनिळे. घसरणारा गुडघ्यावर पडतो, कोपरावर पडतो, हा तळव्यांवर कसा पडला, असं बाईंनी शांतपणे विचारलं. कॉन्स्टेबल पंख्याकडे बघत राहिला. बाई मोजपट्टी लावून वळ मोजत होत्या, मी रजिस्टरात लिहीत होते. मग पोलिसांच्या कागदावर गुन्हा वाचला. बसवनगुडी, मंगळसूत्र. तिथून पुढचं माझं अक्षर वाकडं आलंय.

गुरु. १०
इन्स्पेक्टर स्वतः आले. बोलणं गोड. बाईंनी 'पडला' लिहावं, नाहीतर केस ढिली पडेल आणि दागिना वर्षानुवर्षं कोर्टात अडकेल. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, जरा जमवून घ्या, वगैरे. बाई म्हणाल्या, "दागिना मिळाला ते तुम्ही लिहा. मी पाय पाहिले, मी पाय लिहिले." उंची जेमतेम पाच फूट, खुर्चीत बसल्या की पाय जमिनीला लागत नाहीत. आणि काय ती हिंमत! इतकी वर्षं नर्सची नोकरी करून माझ्या तोंडून साहेबांपुढे 'होय सर'च निघतं.

शनि. १२
काल घरी सांगितलं. भावोजी भडकले. चोराचा एवढा पुळका? विचार तुझ्या बाईंना, त्याने बॉम्ब ठेवला असता तर?
विचारलं. बाई हात धूत होत्या, बराच वेळ धूत राहिल्या. "तेव्हा कदाचित मीही मारा म्हणाले असते. पण मग 'पडला' लिहायचं नाही. मारलं म्हणून लिहायचं, खाली सही करायची, होईल ती शिक्षा घ्यायची." साष्टांग घालावासा वाटला.

सोम. १४
कोर्टाने बाईंना बोलावलंय, मलाही. रजिस्टरातलं अक्षर माझं ना. बाई एवढंच म्हणाल्या, पाहिलंस तेवढं सांग. भावोजी शिकवतायत, गर्दी होती, आठवत नाही, असं सांग म्हणून.

बुध. १६
उद्या कोर्ट. शेवटी अक्कालाच विचारलं, काय करू? भाजी निवडत होती. त्याचे पाय खरंच तसे होते का, म्हणाली. हो म्हटलं. मग देठं गोळा केली आणि म्हणाली,
"खरं बोलायला माझी ना नाही गं. पण मला विचारून बोलू नकोस."
आठवडाभर बाईंचं कौतुक केलं, त्यात माझं काही गेलं नाही. अक्का पदराने दोरा झाकत होती.