खालच्या खणातला अर्ज

१० जाने. ८८, रवि.
जिंकलो! २-१. भुसावळवाले तोंड पाडून गेले. घसा पार बसलाय. उद्या ऑफिसात खुणांनी बोलावं लागणार. बोलू, त्यात काय.

आधी एक गोल खाल्ला तेव्हा आमचं अख्खं पिंप्राळं चिडीचूप. मी एकटाच बॅकच्या नावाने शंख करत होतो. आबांनी मागे वळून नुसतं पाहिलं. झालं, माझं तोंड बंद. चौदा वर्षं झाली, हा माणूस कुणावर ओरडला म्हणून नाही. आमच्याच ऑफिसात भांडारपाल. स्टोअरमध्ये बसले की आहेत का नाहीत ते कळत नाही. मैदानाच्या कडेला उभे राहिले की क्लब म्हणजे आबा तायडे. मॅनेजर तेच, कोच तेच, चुन्याची रेघ मारणारे तेच, फाटका बॉल शिवून आणणारे तेच.

हाफटाइमला नेहमीप्रमाणे पिशवीतली केळी. एकेक मोडून अर्धं-अर्धं सगळ्यांना. भाषण नाही, उपदेश नाही. शेवटचं केळं मोडून अर्धं स्वतः, अर्धं मला. मी खेळाडू नाही, कमिटीत नाही, नुसता ओरडणारा. तरी अर्धं माझं असतं. का, ते कधी विचारलं नाही.

१२ जाने.


दुपारी आबा टेबलाशी आले. एक कागद ठेवला. "भास्कर, नीट वाच. बाहेर बोलू नको." आवकचं टेबल माझं. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद माझा शिक्का खाऊनच पुढे जातो.

धुळ्याला बदलीचा विनंती अर्ज. आपसी बदली. धुळ्याच्या ऑफिसातला बोरसे म्हणून कुणी इकडे यायला तयार आहे. कारण: मोठी बहीण, अंथरुणावर, बघणारं दुसरं कोणी नाही. म्हणजे अक्का. आबांची आई लहानपणीच गेली, अक्काने वाढवलं, हे मला माहीत. "पंचवीसच्या यादीत जायला पाहिजे," म्हणाले. दर महिन्याला पंचवीसला बदल्यांची यादी नाशिकला जाते. तिथून आठवड्यात ऑर्डर.

मी 'हो' म्हणालो. शिक्का उचलला. खाली ठेवला.

शिक्का मारला की कागद हेडक्लार्क पाठकांकडे जाणार. पाठकांच्या पोटात काही राहत नाही. पाचच्या आत पिंप्राळ्यात बोंब. रविवारी सेमीफायनल. पोरांचे पाय गळणार.

कागद खालच्या खणात, ब्लॉटिंग पेपरखाली ठेवलाय. फायनल होऊ दे. चोवीसला फायनल, पंचवीसला सकाळी शिक्का. यादीत बसतो. कुणाचं काही बिघडत नाही.

१३ जाने.
खरं लिहितो, इथं कोण वाचतंय. नुसतं फायनलपुरतं नाही. चौदा वर्षांत कप मिळाला नाही. कप हातात आला की आबांचं मन बदलेल, स्वतःच म्हणतील, "भास्कर, तो कागद फाड." असं वाटतं. रात्रभर तेच डोक्यात.

सौ. भरीत वाढताना म्हणाली, "काय व्हयनं? तोंड काबर उतरेल शे?" ती साक्रीकडची. मी काही लपवलं की तिची अहिराणी जास्तच धारदार होते. "काही नाही, ऑफिसचं," म्हणालो.

१७ जाने., रवि.
सेमी जिंकली. १-०. सलीम रिक्षावाल्याने रिक्षाला फुगे बांधून आबांना घरी सोडलं. आबा हसत होते, पण दमलेले. काल धुळ्याला जाऊन पहाटेच्या एस्टीने परत आले म्हणे. सलीमला वाटतं सासुरवाडीला गेले असतील. 

२२ जाने., शुक्र.
जिन्यात गाठलं आबांनी. "गेला का रे कागद?"
"गेला," म्हणालो.
किती सहज निघालं तोंडातून. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं. अक्काला सांगतो उद्या."
जेवलो नाही आज.

२४ जाने., रवि.
कप आपला!!! धुळ्याच्या संघाला ३-२. शेवटच्या मिनिटाला हेडर. मी काय ओरडलो, कुणाला मिठी मारली, चष्मा कुठे पडला, काही आठवत नाही. सलीम रडत होता. मीही रडलो. पन्नाशीचा माणूस, नाक गळतंय, लाज नाही. आबांना खांद्यावर घेतलं, ते वरून म्हणतायत, "अरे उतरवा, पडेन ना!"

मिरवणूक पार पिंप्राळ्याच्या चौकापर्यंत. आबांनी कप माझ्या हातात दिला, "धर जरा." मी वाट बघत होतो. आता म्हणतील. आता म्हणतील.
म्हणाले, "चल, निघतो. अक्काला दाखवून आणतो." कप पिशवीत घालून एस्टी स्टँडवर गेले.

२५ जाने., सोम.
दहाला पोहोचलो. कुलूप काढलं, कागद काढला, शिक्का मारला. २५ जाने. स्वतः पाठकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

पाठक म्हणाले, "यादी शुक्रवारीच गेली की. उद्या सव्वीसची सुट्टी, म्हणून साहेबांच्या जीपमधूनच पाठवली. आता पुढच्या महिन्यात."

शुक्रवारी. मी जिन्यात "गेला" म्हणत होतो तेव्हा.

अठ्ठावीस वर्षं नोकरी. सुट्टी आली की यादी आधी जाते, हे मला कळू नये? कळलं नाही. फायनलशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

५ फेब्रु.
आबांनी विचारलं, "ऑर्डर नाही आली?" "नाशिकहून उशीर होतो कधी कधी," मी. दर शनिवारी धुळे, रविवारी परत, पोरांची प्रॅक्टिस. गालफडं बसलीत. मैदानावर आज पहिल्यांदा खाली बसलेले पाहिले.

खरं सांगून टाकावं. उद्या.

१३ फेब्रु.
नाही सांगितलं. सलीम म्हणतो, "आबा आजारी दिसतात, भास्करभाऊ, तुम्ही विचारा ना, तुमचं ऐकतात." हो, माझंच ऐकतात.

१९ फेब्रु.
अक्का गेली. काल दुपारी. आबा ऑफिसात होते, ट्रंककॉल आला. मी समोरच होतो. फोन ठेवला, स्टोअरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, म्हणाले, "रजेचा अर्ज मागून देतो." बस्स. गेले.

अर्ज वेळेवर गेला असता तर फेब्रुवारीच्या एक-दोन तारखेलाच ऑर्डर होती. पंधरा-सोळा दिवस त्यांना तिच्याजवळ मिळाले असते. ते मी खाल्ले.

२४ फेब्रु.
उद्या यादी जाणार. पाठकांच्या टेबलावर आबांचा कागद सगळ्यात वर. ते चहाला गेले होते. उचलला असता तर आबा इथेच राहिले असते. आता तिकडे कोण आहे त्यांचं?
हात पुढे गेला होता. मागे घेतला. एकदा हात लावला ते पुरे झालं.

२५ फेब्रु., धुळे
रजा टाकून अक्काच्या सातव्या दिवसाच्या पुण्यानुमोदनाला आलो. सलीमही आला. छोटी खोली, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या साडीतल्या बायका, वंदना. कोनाड्यात आपला कप. त्यात फुलं ठेवलेली.

शेजारची म्हातारी माझ्या शेजारी टेकली. "रोज इचारे माय, मना भाऊ कधी येनार शे? म्या सांगू, कागद गया शे, ई जाई."
कागद गया शे. गेलाय, येईल म्हणे. मी उठून बाहेर गेलो. सलीमला वाटलं उदबत्तीचा धूर झाला.

२ मार्च
ऑर्डर आली. शिक्का मीच मारला. आबा शनिवारी इथून मोकळे, सोमवारी धुळ्यात हजर.
संध्याकाळी पिंप्राळ्यात आग लागल्यासारखं झालं. "कुणी केलं हे राजकारण? कप जिंकलेल्या माणसाला उचलून फेकतात?" चौकात दोनशे माणूस. केशकर्तनालयवाला कात्री घेऊन तसाच उभा. सलीम ओरडत होता, "आबा गेले तर मी मैदानाचं तोंड बघणार नाही!" ठरलं, साहेबांना निवेदन द्यायचं. अक्षर चांगलं कुणाचं? भास्करभाऊचं.

बसलो लिहायला. 'आमच्या लाडक्या मॅनेजरवर झालेला अन्याय दूर व्हावा.' अन्याय हा शब्द नीट काढला.

३ मार्च
साहेबांनी निवेदन वाचलं, फाईल मागवली, हसले. "अहो, त्यांनी स्वतः मागितलीय बदली. हा बघा अर्ज."
सलीमने अर्ज हातात घेतला. त्याला वाचता येतं ते थोडंच, पण सही ओळखली. सगळे जिना उतरले. खाली सलीम एवढंच म्हणाला, "आम्हाला सांगितलं पण नाही."

संध्याकाळी आबांच्या घरी. बांधाबांध चाललेली. एक जण म्हणाला, "आता तर अक्का नाहीत. रद्द करा ना, आबा." आबा दोरी आवळत म्हणाले, "बोरसेने आधीच बिऱ्हाड हलवलं रे. पोरांचे दाखले काढले. त्याला कसा परत पाठवू?" मग गाठ मारत, "यादी जायच्या आधी मी इथे असतो तर काढूनही घेतला असता कदाचित. पण सातव्या दिवसाचं होतं."
माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.

६ मार्च, रवि.
गेले.

स्टँडवर एवढी गर्दी की कंडक्टर घाबरला. सलीमने रिक्षा एस्टीच्या पुढ्यात आडवी लावली आणि किल्ली खिशात. "जाऊ देणार नाही." गाडीतली पारोळ्याला जाणारी एक म्हातारी खिडकीतून खेकसली, "ओ भाऊ, माले पारोयाले उतरनं शे, तुमनं काय चालनं हाई?" कुणी हसलं नाही. आबा उतरले, सलीमची पाठ थोपटली. "काढ रे रिक्षा. लोक खोळंबलेत." सलीमने काढली. रडत रडत काढली.

पोरांनी ठरवलंय, क्लब आता भास्करभाऊ सांभाळतील. मी नको म्हणालो, तीनदा. आबांनी क्लबच्या सामानाच्या ट्रंकेची किल्ली माझ्या मुठीत दाबली. "तुझ्याशिवाय कुणाला देऊ?"

घरी आलो तो सौ.ने तोंड पाहिलं आणि काही विचारलं नाही. मीच सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी. ती पोळ्या लाटायची थांबली. म्हणाली, "आनि किल्ली लिसन उनात?"
हो. किल्ली घेऊन आलो.

२० मार्च, रवि.
हरलो. मैदानावर निम्मी माणसं. सलीम आला नाही. मी गप्प उभा. ओरडणं जमतच नाही, आणि आबांसारखं गप्प राहणंही जमत नाही. दोन्हीकडून गेलो.

१० एप्रि., रवि., धुळे
धुळ्याच्या संघाशी परतीचा सामना. पाच वाजताही मैदान म्हणजे भट्टी. हाफटाइमला लक्षात आलं, केळी आणलीच नाहीत. पोरं माझ्याकडे बघतायत.

पलीकडच्या बाजूने निंबाखालून आबा उठले. एकटेच बसलेले. तिकडच्यांनी कोच व्हा म्हटलं होतं, नाही म्हणाले, असं कळलं. हातात पिशवी. आले, मोडून मोडून अर्धं-अर्धं सगळ्यांना. पोरं त्यांना चिकटली, एक तर गळ्यात पडला.

मग माझ्याजवळ. "सर्व्हिस बुकाबरोबर फाईल आली इकडे. शिक्का पंचवीसचा आहे. मी बारालाच दिला होता."

मी "आबा," एवढंच म्हणालो.

"चौदा वर्षं गळा फाडून ओरडलास, भास्कर. एकदा मला तोंडावर म्हणायचं, आबा, जाऊ नका. मी ऐकलं नसतं. पण म्हणायचं होतंस."

आवाज चढला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. पिशवीत एकच केळं राहिलं होतं. त्यांनी ते मोडलं नाही. अख्खं माझ्या हातात दिलं आणि मैदान ओलांडून निंबाखाली जाऊन बसले. दुसरा हाफ सुरू झाला. कोण जिंकलं ते उद्या लिहीन.

११ एप्रि.
२-२.

केळं काल एस्टीत खिशात, आज टेबलावर. सौ. म्हणाली, "केयं खाई ल्या, काये पडी जाई." नको म्हणालो, काळं पडू दे. तिने उचललंही नाही.

आंतरदेशीय पत्र आणलंय. वर पत्ता घातला, खाली माझं नाव घातलं. 'आबा, जाऊ नका' असं एक वाक्य लिहिलं. आता त्याचा काय उपयोग. तरी खोडलं नाही. पुढचं जमत नाहीये. तेवढंच टाकावं की फाडावं, कळत नाही. उद्या ऑफिसला जाताना टपालपेटी लागते वाटेत.