तुझ्या नातीला बॉल कोण देणार

ती. आयव्हडनीताईस,

स्पॅनिश टाऊनहून धाकट्या वर्लीनचा नमस्कार. तुझं ब्लडप्रेशर ताब्यात असेल अशी आशा आहे. नसेल तर आधी गोळी घे, मग पुढचं वाच. आमचं देवदयेने ठीक. (गुडघा सोडून. गुडघ्यात देव लक्ष घालत नाही.)

तू जोडेलशी बोलत नाहीस, ते मला ठाऊक आहे. बर्मिंगहॅमला हॉस्पिटलच्या चादरी धुऊन नात वाढवलीस ती तिने इंग्लंडकडून फुटबॉल खेळावं म्हणून, आणि बया येऊन उतरली जमैकाच्या संघात. पण इथे तिच्यावर काय बेतलं ते ऐक तरी. पहिल्याच सकाळी कानात गाणी खुपसून बाईसाहेब सरावाला निघाल्या, आणि फाटकाशी बसलेल्या मिस इसिल्डासमोरून सरळ चालत्या झाल्या. ना गुड मॉर्निंग, ना मान हलवणं. आपल्या गल्लीत चोरसुद्धा आधी गुड मॉर्निंग म्हणतो, मग कोंबडी उचलतो. इसिल्डा मला म्हणाली, "काय गं वर्लीन, पोरगी मुकी आहे की आम्ही दिसत नाही तिला?" आणि संघाची कॅप्टन शानोया म्हणजे इसिल्डाचीच नात. आजीला न विचारणारीला ती बॉल देते होय? सरावात आपली पोरगी डावीकडून हात वर करून पळतेय, आणि बॉल जातोय उजवीकडे. कोचने सांगून टाकलं, शनिवारी काही करून दाखव, नाहीतर पुढच्या सामन्याला तुझं नाव नाही.

मी तिला चांगलं फैलावर घेतलं. मग ती दिसेल त्याला गुड मॉर्निंग म्हणत सुटली; पोस्टमनला, पाववाल्याला, शेजारच्या बकरीला. बकरीने मान तरी हलवली. इसिल्डा ढिम्म.

शनिवारी सामना शून्य-शून्य, संपत आलेला, आणि कोचने जोडेलला मैदानात उतरवलं. डावीकडे ती एकटी, मोकळी, आणि तिच्याकडे कुणी बघेना. मी रुमाल चावत बसले होते. बॉल बाहेर गेला तशी ती धावत आमच्या कठड्यापाशी आली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "गुड ईव्हनिंग, मिस इसिल्डा." इसिल्डाने टोपी सारखी केली, चष्मा पुसला (तिकडे खेळ सुरूसुद्धा झाला होता गं), आणि म्हणाली, "गुड ईव्हनिंग, बाळ. घरचे बरे आहेत ना?" पोरगी म्हणाली, "नंतर सांगते." मग इसिल्डा उभी राहून गरजली, "शानोया, दे त्या पोरीला बॉल." आणि शानोयाने दिला.

तुझी,
वर्लीन

ता.क. गोल झाला नाही. बॉल खांबाला लागून परत आला. पण पुढच्या महिन्यातल्या इथल्याच सामन्यात ती पहिल्यापासून खेळणार, असं कोचने कळवलंय.

आणखी ता.क. इसिल्डाने दुसऱ्या दिवशी पुन्हा घरच्यांची चौकशी केली. पोरगी "बरे आहेत" म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. पुढच्या महिन्यातल्या त्या सामन्याला माझ्या शेजारी जोडेलची आजी म्हणून बसायला इसिल्डा टोपी झटकून तयार आहे. ती खुर्ची मी अजून दिलेली नाही. ताई, तू ये. माझ्याशी बोलू नकोस, तिच्याशीही बोलू नकोस, पण येऊन बस.