ह्यांचे देवीचे वण

९ नोव्हें. ९६
मिलिंद बंगळूरहून आला. वाळलाय. बापाचा नेलेला फोटो आणलास का विचारलं, तर पिशवीतनं नवाच मोठा काढला. "आई, आमच्या यंत्रानं साफ केला." गोरा, गुळगुळीत. देवीचा वण एक न्हाय. म्हटलं, हा कोण? पोर हसलं.
जुना कुठं? "प्रयोगशाळेत सापडत नाही."
हे गेल्यापासून घरात तेवढा एकच होता. मी जेवले न्हाय.

१० नोव्हें.
शेजारची शकीलाभाभी आली. ह्यांच्याच यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. फोटो बघून म्हणते, "कौन है ये? मिलिंद का होनेवाला ससुर?"
म्हटलं, मिलिंदचे बाबा.
फोटो उजेडाला धरून बघितला. मग म्हणाली, "तू तो उनको छलनी बोलती थी."
बोलायची. लग्न झाल्यापासून. हे म्हणायचे, चाळणीतनं चांगलं तेच खाली पडतं, पदर धर.

११ नोव्हें.
मि.नं समजावलं. त्यांचं यंत्र उजेडावर हिशेब करतं. नखाएवढ्या चकतीवर बारीक आरसेच आरसे, सगळे हलणारे. एखादा अडकला की चित्रात काळा ठिपका. मग शेजारच्या आरशांचा उजेड बघून तो ठिपका भरायचा. "बाबांचे वणही त्याला अडकलेले आरसेच वाटले."
म्हटलं, त्याला वाटले. तुला? लहानपणी त्याच खळग्यांत बोट घालून निजायचास.
पोर रडलं. रडू दे.

१३ नोव्हें.
साफ करायच्या आधीचं चित्र त्याच्याकडं कागदावर हाय. सगळं तोंड ठिपक्यांनी भरलेलं. आरशांचे कुठले, बापाचे कुठले, त्याला कळत न्हाय. पेन्सिल दिली. "बाबांच्या तेवढ्या ठिपक्यांभोवती गोल कर. ते ठेवतो, बाकीचे भरतो."
ह्यात काय मोठं! गोदामात कापडाच्या ठाणातला डाग मी चालता चालता धरते.

१४ नोव्हें.
मि. उद्या जाणार. नाकावरचा केला. भुवईतला केला. डावा गाल झरझर झाला, हात थांबला न्हाय.
उजवा कोराच.
"आई, झालं?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ओरडले त्याच्यावर.
दिवसा कोण कुणाचं तोंड बघतं? ते लूमवर, मी गोदामात. रात्री माझ्याकडं तोंड करून, उजव्या कुशीवर निजायचे. तो गाल कायम उशीत.
मि.ला सांगितलं, कागद इथंच ठेव. पेन्सिलीला टोक करून दे, आणि जा.