उंडीपर्यंतची फेरी

बा,

वर्षभर हे पत्र टाळत आलो. कधी शाई नाही म्हणून, कधी हात वळत नाही म्हणून. आज तुझं वर्षश्राद्ध. आईने तुझ्या पानात बिनसाखरेची खीर वाढली! मेल्यावरही पथ्य! आधी हसू आलं, मग असा राग आला की लिहायलाच बसलो. वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

तू खोटं बोललास, बा.

साखरेचा आजार निघाला तेव्हा दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून बसायचास. आई सुई उकळायची, तू मांडीत टोचून घ्यायचास, की पुन्हा भिंत. माझ्या हातून तांब्या पडला तर अंगावर धावून आलास! पालघरचे डॉक्टर म्हणाले होते, “सुई साखरेला पुरेल, मनाला नाही. रोज संध्याकाळी मैलभर चाला. पोराला सोबत न्या.”

पण आपल्या घिवलीत कामाशिवाय चालतं कोण? म्हणून तू खांद्यावर रिकामी टोपली घेतलीस. घरापासून किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडापर्यंत आणि परत. कुणी विचारलं की म्हणायचास, “पाला आणायला.” आपल्याकडे शेळीसुद्धा नव्हती रे!

तरी दहा-बारा दिवसांत तू माणसात आलास. उंडीखाली बसून आजोबांची होडी उलटली ती गोष्ट सांगितलीस, अगदी त्यांच्या बोबड्या शिव्यांसकट. घरी येऊन आपणहून जेवायला मागितलंस. तारापूरकडे अणुविजेच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं, सुरुंग उडाला की तू आकडा मोजायचास. माझं लक्ष मात्र तिथल्या ट्रकांकडे. एका ड्रायव्हरने बोईसरला चहा पाजून विचारलं होतं, “सूरत चलेगा?” त्याच्या ट्रकला पुढे लिंबू नाही, चक्क लहान मुलाचा बूट बांधलेला... असो. भरकटलो. तू हेच म्हणायचास.

मग आई सरावलीला मावशीच्या बाळंतपणाला गेली आणि त्याच आठवड्यात धोंडूकाका ओट्यावरून ओरडला. शेजारी, तुझा लहानपणापासूनचा जोडीदार! “काय रे, टोपलीला रोज फिरवून आनतोस, तिला पन साखर झाली हाय का?” सगळे हसले. तूही हसलास. दुसऱ्या दिवशी टोपली उपडी आणि तू भिंतीकडे.

“बा, चल ना.”

“पाय दुखतात.”

आठ दिवस विचारलं मी. आठ! मग आई परत यायच्या सकाळी त्या सुरतच्या ट्रकमध्ये चढलो. आणि तू तिला काय सांगितलंस? “पोरगा गेला, सोबत नाय, म्हनून चालनं सुटलं.”

ती अजून तेच धरून बसली आहे. तू गेल्याचं कळून मी परत आलो, तेव्हापासून धड बोलत नाही, ताट आपटते. तिच्या लेखी मीच तुला मारलं. एका माणसाच्या हसण्याला इतका भ्यालास? मरणापेक्षा जास्त? आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून माझ्यावर ढकललंस?

नवव्यांदा विचारायला हवं होतं मी. हे फक्त तुलाच सांगतो.

थांब, दारात कोणीतरी आलंय.

धोंडूकाका! वर्षभर याने आपली पायरी चढली नव्हती. वाळलाय. खांद्यावर टोपली, रिकामी.

आईला म्हणतोय, “वयनी, मला पन साखर निघाली. डाक्टर बोलतो, चाल. एकट्याला लाज वाटते.” मग खाली बघून, “त्याचं चालनं माज्या हसन्यानं सुटलं. पोरगा तेव्हा इथंच होता. रोज हाका मारायचा त्याला, मी आयकलंय.”

आई आत गेली. माझ्या वहाणा आणून दाराशी ठेवल्या.

माझा राग गेलेला नाही, बा. पण या माणसाने पाय दुखतात म्हटलं, तर मी त्याला नवव्यांदा विचारीन, दहाव्यांदा विचारीन. आणि टोपली इथेच ठेवायला लावीन. उंडीपर्यंत जायचं ते रिकाम्या हातांनी, सगळ्या ओट्यांसमोरून.

तुझाच भटका,
सदू